पोटगीचा अर्ज कोणत्या गावी करावा?

मी कायदा कॉलेजात शिकलेलो नाही. युनियनच्या कचेरीत प्रकरणे चाळताना जेवढा हाताला लागला, तेवढाच मला ठाऊक. त्या चाळण्यातून एवढे पटले की, गरीब बाईचा न्याय अर्ज कुठे करायचा, रक्कम किती, कोणत्या तारखेपासून, अशा बारक्या कलमांत अडकलेला असतो.

१८९८ च्या फौजदारी संहितेत ४८८ वे कलम होते. बायकापोरांना वाऱ्यावर सोडणाऱ्याकडून मॅजिस्ट्रेटने दरमहा पोटगी देववावी, अशी त्यात तजवीज होती. परंतु अर्ज करायचा तो नवरा जिथे असेल तिथे, नाहीतर दोघे शेवटी एकत्र राहिली तिथे. आता गिरणगाव डोळ्यांपुढे आणा. रत्नागिरीकडची मुलगी परळच्या चाळीत नांदायला आली. नवऱ्याने हाकलले, तशी लेकराला घेऊन माहेरी गेली. तिने दाद मागायची कुठे? मुंबईच्या प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटपुढे! बोटीचे भाडे, उतरायला कुणाचे तरी घर, आणि तारीख पडली की पुन्हा तोच फेरा. नवरा मात्र पाळी सुटली की चालत कोर्टात. हक्क कागदावर शाबूत आणि बाई बंदरावर! १ एप्रिल १९७४ पासून नवी संहिता अमलात आली, तिच्या १२६ व्या कलमाने बायको राहते त्या जिल्ह्यातही अर्ज करण्याची मुभा दिली. चार शब्दांची भर, पण तिला पाऊण शतक लागले.

रकमेची कथा अशीच. प्रथम कमाल मर्यादा पन्नास रुपये, १९२३ साली शंभर, १९५५ साली पाचशे. केंद्राच्या कायद्यातला हा पाचशेचा आकडा २००१ पर्यंत हलला नाही. आम्ही महागाई भत्त्यासाठी संप केले. या पाचशेंना महागाई लागू करा, ही मागणी आमच्या एकाही मागणीपत्रकात मी वाचलेली नाही. इंदूरच्या शाहबानो बेगमना १९७९ साली मॅजिस्ट्रेटने ठरवून दिले ते महिना २५ रुपये.

१९८४ च्या कायद्याने कुटुंब न्यायालये आली. तिथे वकील हक्काने उभा राहू शकत नाही. खर्च वाचावा हा हेतू; पण परप्रांतातून बांधकामावर आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बाईने कागदाशी बोलायचे कसे? स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील देणारा १९८७ चा कायदा १९९५ मध्ये अमलात आला.

वीसेक वर्षांपूर्वी एका सभासदाची बायको माझ्याकडे आली. कोर्टात नवऱ्याने पगार निम्माच सांगितला होता. तिला पगारपत्रक हवे होते. ते माझ्या कपाटात होते. ‘ताई, सभासदाचा कागद बाहेर देता येत नाही,’ असे सांगून मी तिला परत पाठवले. नियमाने मी बरोबर होतो. ती जिना उतरेपर्यंत मी मान वर केली नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दोन्ही पक्षांनी उत्पन्नाचे व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. तो कागद आता नवऱ्यानेच आणायचा आहे. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराचे पगारपत्रक मात्र कुणाच्याच कपाटात नसते. त्याच्या बायकोला अजून शेजारणींच्या साक्षीवर त्याची रोजची मजुरी सिद्ध करावी लागते, आणि त्या दिवशी शेजारणींचाही रोज बुडतो.