हिंगण्याचे उमेदवार

निवडणुकीच्या दिवसांत ‘उमेदवार’ हा शब्द इतका कानांवर आदळतो की, त्याचा मूळचा साधा अर्थ आपण जवळजवळ विसरलोच आहोत. उमेद म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे आशेवर राहिलेला माणूस. जुन्या कचेऱ्यांतून हा एक नित्याचा प्राणी असे. चुलत्याच्या नाहीतर मामाच्या वशिल्याने तो कचेरीत येई, दाराजवळच्या कोपऱ्यात बसे, बोरू तासून ठेवी, कागद नकलून देई. आणि पगार? पगार नसे. आज ना उद्या एखादी जागा रिकामी होईल, एवढीच ती उमेद. कारकुनी शिकवणारी खरी शाळा हीच होती. पंतोजी अक्षर गिरवून घेत, पाढे पाठ करून घेत. पण आलेल्या कागदाचे काय करायचे, कोणता कागद कोणापुढे ठेवायचा, कोणता दाबून ठेवायचा, हे कचेरीतच शिकावे लागे. आणि कचेरीच्या दारातून आत जायला नात्यागोत्यातले कोणीतरी आत असावे लागे.

हे सारे आठवायचे कारण हिंगणा. नागपूरच्या नैर्ऋत्येला असलेले हे तालुक्याचे गाव एकेकाळी शहरापासून दूर वाटे. आज हिंगणा मार्ग म्हणजे शहराचाच लांबलेला हात झाला आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे येथे कारखान्यांची वसाहत उभी राहिली. महिंद्रचे ट्रॅक्टर येथे तयार होतात. १९८४ साली वानाडोंगरीला यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. मागोमाग डिगडोहच्या टेकड्यांवर आणखी महाविद्यालये आली. जानेवारी २०२० पासून सीताबर्डीहून लोकमान्यनगरपर्यंत मेट्रो धावू लागली. कारखाने आणि महाविद्यालये असा हा शेजार. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद जागा आहे, ती म्हणजे कारखान्याच्या ऑफिसातली खुर्ची. तिच्याकडे डोळे लावून बसलेल्या मुलामुलींना मी गेली काही वर्षे संध्याकाळी शिकवतो. बहुतेकांचे वडील कंत्राटी कामगार. विषय एकच : संगणकावर ऑफिसचे काम. पत्र, तक्ता, हिशेब, यादी.

मुलांना वाटते ही विद्या अमेरिकेतून आली. यंत्र तिकडून आले, हे खरे. विद्या मात्र आपल्या ओळखीची आहे, आणि ओळख पटली की मुलांची भीती निम्मी उतरते, असा माझा अनुभव आहे.

चिटणीस आणि फडणीस ही दोन नावे घ्या. दोन्हींतला ‘नवीस’ फारसी, म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस. फडणिसाचे मूळ ‘फर्दनवीस’ असे व्युत्पत्तिकार सांगतात. फर्द म्हणजे सुटा कागद, यादी. नागपूरच्या महाल भागात चिटणवीस वाडा आहे. भोसल्यांच्या राज्यातली ती हुद्द्याची खूण आडनाव होऊन राहिली. १८५३ साली तिसरे रघूजी वारले, पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले, पण आडनाव काही खालसा झाले नाही. चिटणिसाला मायना पाठ असावा लागे. कोणाला ‘राजमान्य राजश्री’ लिहायचे, कोणाला ‘श्रीमंत’, यात चूक झाली तर मानापमान होई. मजकूर एकच, मायने वेगळे. आमच्या वर्गात मेल मर्ज शिकवताना मी हेच सांगतो : एक पत्र, चाळीस पालकांची यादी; यंत्र प्रत्येकाचा मायना आपला आपण घालते. यादीत मात्र ‘श्री.’ आणि ‘श्रीमती’ यांची अदलाबदल झाली, तर यंत्र ती चूक इमानाने चाळीस वेळा छापते.

लिहिण्याच्या शिस्तीविषयी समर्थ रामदासांनी दासबोधात एक अख्खा समास खर्च केला आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास तो. अक्षर वाटोळे आणि सुटे असावे, ओळी नीट असाव्या, कागदाच्या कडा मोकळ्या सोडाव्या, पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच हातचे दिसावे, अशी ती शिकवण. आमच्याकडची मुले ओळ सरकवण्यासाठी जागेची कळ बडवत सुटतात आणि कागद दुसऱ्या यंत्रावर उघडला की सगळे अक्षर विस्कटते. मी त्यांना समास आखायला लावतो. ज्याला आपण मार्जिन म्हणतो त्याला मराठीत समासच म्हणतात, याचे त्यांना मोठे नवल वाटते.

पण खरी मौज हिशेबात आहे. जुन्या पेढीवर दोन वह्या असत. कीर्दीत रोजचा व्यवहार जसा घडला तसा, तारीखवार लिहायचा : कोणाकडून आले, कोणाला गेले. मग सायंकाळी, किंवा आठवड्याने, तोच मजकूर खतावणीत खातेवार मांडायचा. गणपतशेटचे पान वेगळे, तेलाचे पान वेगळे, गाडीभाड्याचे वेगळे. घटना तीच, मांडणी दोन प्रकारची. कीर्द सांगते काय घडले, खतावणी सांगते त्यातून काय झाले. आणि शेवटी ताळेबंद. मुनीम मंडळींची अर्धी रात्र या खतावणीत जाई. एका आण्याचा फरक निघाला की दिवा विझवायचा नाही.

आता एक्सेलमध्ये ज्याला पिव्हट टेबल म्हणतात, ते दुसरे काय आहे? कारखान्याच्या स्टोअरमधून महिनाभर काय काय गेले, त्याची चलने ओळीने लिहिलेली आहेत. ही झाली कीर्द. कोणत्या विभागाला किती माल गेला, हे हवे असेल तर विभागवार जमवा. कोणत्या वस्तूचा किती उठाव झाला, हे हवे असेल तर वस्तुवार जमवा. ही खतावणी. मुनिमाला अर्धी रात्र लागे ते काम तीन टिचक्यांत होते. हे मी पहिल्यांदा असे सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर जी, म्हणजे आईची किराण्याची वहीच न! दुकानदार रोजचं रोज लिहिते, अन् आई महिन्याच्या शेवटी तेलाचं वेगळं काढते.” त्या दिवसापासून तो धडा मी ‘आईची वही’ या नावानेच घेतो.

मात्र कीर्द चोख हवी. ही अट बोरूच्या काळी होती, आजही आहे. एका ओळीत ‘५/८’, दुसरीत ‘ऑगस्ट ५’, तिसरीत ‘५ ऑग.’ असे लिहिले की यंत्राला त्यातली एखादी तारीख वाटते, एखादी नुसती अक्षरे वाटतात, आणि एखादी तर ते मे महिन्यात नेऊन टाकते, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात. मुनीम समोर असता तर त्याने कान धरला असता. यंत्र कान धरत नाही, मुकाट्याने चुकीची बेरीज देते. नव्या नोकरीत पहिल्याच महिन्यात पोरे खाली मान घालतात ती बहुधा अशा ठिकाणी.

आता थोडे मधल्या काळाविषयी. कचेरीचे दार नात्याबाहेरच्या माणसाला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उघडले ते टाइपरायटरने. अमेरिकेत १८७४ साली रेमिंग्टन यंत्र बाजारात आले. आपल्याकडे १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचे यंत्र काढले. मग गल्लोगल्ली टंकलेखनाच्या संस्था निघाल्या. फी भरा, तासभर बसा, खटखट करा. मराठी मिनिटाला ३०, इंग्रजी ४०, एवढे शब्द आले आणि सरकारी परीक्षेचे प्रमाणपत्र मिळाले की अर्ज करता येई. चुलता कोण, मामा कोण, हे यंत्र विचारीत नसे. कारकुनीची विद्या पिढ्यान् पिढ्या काही ब्राह्मण व प्रभू घराण्यांच्या हाती राहिली होती. ती अशी भाड्याच्या खोलीत, मासिक शुल्कावर, कोणालाही विकत मिळू लागली. असंख्य मुली याच दाराने ऑफिसात आल्या. इतिहासकार राज्यक्रांत्यांवर ग्रंथ लिहितात. या खोल्यांवर कोणी लिहील तर मी ते आधी वाचीन.

संगणकाचा तक्ता १९७९ सालचा. हार्वर्डच्या व्यवसायशाळेत शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनने पाहिले की फळ्यावरच्या कोष्टकात एक आकडा बदलला की प्राध्यापकांना पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागते. त्याने बॉब फ्रँकस्टनच्या साहाय्याने ‘व्हिसिकॅल्क’ तयार केले. १९८५ साली एक्सेल आले, आणि १९८९ साली मायक्रोसॉफ्टने पत्र, तक्ता आणि सादरीकरण यांची साधने ‘ऑफिस’ या एकाच नावाखाली विकायला काढली. आपल्याकडे अडचण लिपीची होती. पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थांनी देवनागरीसाठी पुष्कळ केले. पण व्यवहारात जो तो आपापला फाँट वापरी. हिंगण्यात लिहिलेले मराठी पत्र मुंबईला पोचले की कावळ्याचे पाय दिसत. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, तीत देवनागरी होती. तिचा वापर आपल्या ऑफिसांत रुजायला मात्र बरीच वर्षे गेली. आता मराठी नावांची यादी अकारविल्हे लावता येते, शोधता येते. ही गोष्ट लहान वाटते, पण ज्याने हजार नावे हाताने लावली आहेत त्याला विचारा.

२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघाले आणि त्याचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम खेडोपाडी पोचला, तोही मराठीतून. टंकलेखनाची सरकारी परीक्षाही पुढे संगणकावर गेली. तीत नुसती गती नाही, पत्र आणि तक्ताही करून दाखवावा लागतो. हा बदल मला पसंत आहे. तक्रार आहे ती प्रमाणपत्राच्या पूजेविषयी. भिंतीवर चौकट टांगली की विद्या आली, ही समजूत टाइपरायटरच्या काळीही होती. शिवाय आजच्या पोरांनी आधी मोबाइल पाहिला, मग कळफलक. अंगठ्याने झरझर लिहितात; दहा बोटे टेबलावर ठेवली की बावरतात. संगणक घरात नाही, आणि वर्गातला तास संपला की सराव संपला. हिंगण्याच्या कामगार वस्तीत खरी उणीव हुशारीची नाही, संध्याकाळी बसायला मिळेल अशा यंत्राची आहे.

उमेदवाराची मात्र कचेरीतून सुटका झालेली नाही. १९६१ च्या कायद्याने त्याला ‘शिकाऊ उमेदवार’ हे सरकारी नाव दिले आणि विद्यावेतनाचा हक्क दिला, हे मोठेच काम झाले. २०२४ साली राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली : बारावी झालेल्यास महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८ हजार, पदवीधरास १० हजार, आरंभी सहा महिन्यांसाठी. पण जिथे असा कोणताही कागद होत नाही, तिथे ‘इंटर्न’ या नव्या नावाने जुना बिनपगारी उमेदवार पुन्हा दाराजवळच्या कोपऱ्यात बसलेला दिसतो. फरक इतकाच की, बोरू तासण्याऐवजी तो बिले स्कॅन करतो.

‘आईची वही’ म्हणणारी ती मुलगी अशीच एका ऑफिसात सहा महिने बसली. तिथे गेटपासची नोंद तीन जण तीन वह्यांत करीत आणि महिनाअखेरीस एकमेकांशी भांडत. तिने एकच कीर्द केली, तारखेचा रकाना बांधून टाकला, माल आणि वाहतूकदार यांची नावे यादीतूनच निवडता येतील असे केले, आणि खाली खतावणी जोडून दिली. भांडण थांबले. मुदत संपल्यावर तिला ठेवून घेतले नाही. जागा नाही म्हणाले. तिची खतावणी ते अजून वापरतात, असे कळते. ती सध्या एका वाहतूकदाराकडे पगारी आहे, आणि रविवारी सकाळी माझ्या वर्गात येऊन नव्या मुलांना तारखा लिहायला शिकवते.