अपघाताचा कागद आणि माणसाचें नांव

न्यूयॉर्क राज्यानें १९०१ सालीं मोटारींची नोंदणी सक्तीची केली, तेव्हां आजच्यासारखी सरकारी नंबराची पाटी तेथें नव्हती. मालकानें आपलें नांव व ठिकाण सरकारदप्तरीं लिहून द्यावें, एक डॉलर फी भरावी आणि गाडीच्या पाठीमागें आपल्या नांवाचीं आद्याक्षरें लावावींत, म्हणजे झालें. घोड्यांच्या रहदारींत हें नवें आणि धडधडणारें वाहन कोणास ठोकरून निघून गेलें, तर तें कोणाचें हें समजण्यास एवढी खूण पुरे होती.

पुढें मोटारी लाखांनीं वाढल्या. प्रत्येक राज्यांत मोटार वाहन खातें उभें राहिलें. परवाना आला, परवान्यावर छायाचित्र आलें, जन्मतारीख आली, उंची आली. अमेरिकेंत मोटारीवांचून संसार चालणें कठीण. तेव्हां प्रौढ माणसांची इतकी भरगच्च नोंद दुसऱ्या खात्यापाशीं क्वचितच सांपडावी. आणि हें दप्तर पुष्कळ राज्यांत उघडें होतें. लोकशाहींतील सरकारचे कागद लोकांचे, हें तत्त्व उदार आहे यांत शंका नाहीं. पण त्या तत्त्वाच्या आडोशानें राज्यांनीं दुकानहि मांडलें होतें. एकट्या विस्कॉन्सिन राज्यास अशी माहिती विकून वर्षाकांठीं सुमारें ८० लक्ष डॉलर मिळत, असें पुढें सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतच नमूद झालें.

या उघड्या दप्तराचें मोल रिबेका शेफर या अवघ्या एकवीस वर्षांच्या अभिनेत्रीस द्यावें लागलें. तिच्या मागें वेड्यासारख्या लागलेल्या एका तरुणानें खासगी गुप्तहेरास पैसे दिले. गुप्तहेरानें कॅलिफोर्नियाच्या मोटार खात्यांतून तिच्या घराचा पत्ता मिळविला. आणि १८ जुलै १९८९ रोजीं लॉस एंजेल्स येथें तिच्या दाराशींच तिला गोळी घालण्यांत आली. पत्त्यासाठीं कोणाला कुलूप फोडावें लागलें नव्हतें, ही त्यांतील सर्वांत भयंकर गोष्ट होय.

कॅलिफोर्नियानें आपलें दार लगबगीनें बंद केलें. सबंध देशासाठीं कायदा व्हावा म्हणून सेनेटमध्यें बार्बरा बॉक्सर आणि प्रतिनिधिगृहांत जिम मोरान यांनीं खटपट केली, व १९९४ च्या सप्टेंबरांत अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीनें वाहनचालकांच्या गोपनीयतेचा कायदा अस्तित्वांत आला. नांव, पत्ता, छायाचित्र, दूरध्वनीचा व परवान्याचा क्रमांक, प्रकृतीविषयींची माहिती हें सर्व चौदा ठराविक कारणांवांचून मोटार खात्यानें कोणास देऊं नये. कोणीं जाणूनबुजून तें भलत्या कामासाठीं मिळविलें वा वापरलें, तर ज्याची माहिती त्यास न्यायालय निदान २,५०० डॉलर भरपाई देऊं शकेल, अशी तरतूद झाली. साउथ कॅरोलायना राज्यानें या कायद्याविरुद्ध झगडा मांडला, तो १२ जानेवारी २००० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निकालांत काढला. ही माहिती बाजारांत विकली जाणारी वस्तु आहे, तेव्हां तिच्या व्यापाराचें नियमन काँग्रेस करूं शकते, असा त्या निकालाचा आशय होता. विस्कॉन्सिनचे ते ८० लक्ष येथें राज्यांच्याच अंगावर आले!

परंतु याच कायद्याच्या व्याख्येंत एक छोटेंसें वाक्य आहे. वाहनांचे अपघात, रहदारीच्या नियमांचा भंग आणि चालकाच्या परवान्याची स्थिति यांविषयींची माहिती ‘व्यक्तिगत माहिती’ समजूं नये, असें तें सांगतें. हें वाक्य अविचारानें घातलेलें नाहीं. अमुक वळणावर गाड्या वारंवार कां उलटतात हें इंजिनीअरास कळावें, मद्य पिऊन तीनदां धडकलेल्या माणसाच्या हातीं शाळेची बस देऊं नये, वृत्तपत्रांनीं रस्त्यांची दुर्दशा वेशीवर टांगावी, यासाठीं अपघाताची हकीकत उघडी असली पाहिजे. तथापि अपघाताच्या कागदावर हकीकतीच्या शेजारींच माणसें असतात. रस्ता ओला होता कीं कोरडा, ही गोष्ट सर्वांची. जखमी स्त्रीचें नांव, तिचें वय, तिचें घर या गोष्टी तिच्या एकटीच्या. एकाच कागदावर दोन मालकांची मिळकत आहे आणि कायद्यानें त्यांची वाटणी अर्धवट सोडली. ही वाटणी अशक्य होती असेंहि नाहीं. देशांतील प्राणघातक मोटार-अपघातांची जी मोठी नोंद केंद्रीय वाहतूक-सुरक्षा खातें १९७५ पासून ठेवीत आलें आहे, तींत व्यक्तीची ओळख पटविणारा मजकूर नसतो. आणि तरीहि संशोधकांचें तिच्यावर उत्तम चालतें.

नांवांची गरज दुसऱ्याच मंडळींना होती. जखमी माणसाच्या नुकसानभरपाईंत वाटा मिळविण्यासाठीं दारोदार हिंडणाऱ्या वकिलांस अमेरिकेंत रुग्णवाहिकेच्या मागें धांवणारे म्हणून हिणवितात. टपाल स्वस्त झाल्यावर त्यांना धांवण्याचेंहि कारण उरलें नाहीं. फ्लॉरिडांतील वकिलांच्या संस्थेनें या प्रकाराचा दोन वर्षें अभ्यास केला व नियम केला कीं, अपघातानंतर तीस दिवसपर्यंत कोणाहि वकिलानें आपण होऊन जखमींना किंवा मृताच्या नातलगांना कामाची याचना करणारें पत्र पाठवूं नये. सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं तो उचलून धरला. विरुद्ध मत देणाऱ्यांत न्यायमूर्ति केनेडी होते. विमा कंपनीचा माणूस जखमीस गांठावयास मोकळा, पण जखमीच्या बाजूनें लढूं पाहणाऱ्या वकिलासच तेवढी बंदी, ही त्यांची तक्रार पोकळ म्हणतां येणार नाहीं.

नियम वकिलांस लागूं. दलालांस तो कसा लागावा? फ्लॉरिडांत अपघातांतील जखमीच्या उपचारासाठीं, चूक कोणाचीहि असो, विम्याचे १०,००० डॉलरपर्यंत मिळत. राज्याच्या ग्रँड ज्यूरीनें २००० सालीं जें उघडकीस आणलें तें असें: दलाल पोलिसांकडून अपघातांचे अहवाल गठ्ठ्यांनीं उचलीत, जखमींस गांठीत आणि त्यांना ठराविक दवाखान्यांकडे व वकिलांकडे वळवीत. ज्याला साधा मुका मार लागला, त्याच्याहि नांवावर उपचारांचीं बिलें चढत. यावर २००१ सालीं राज्यानें अपघाताचे अहवाल साठ दिवस गोपनीय ठरविले. संबंधित माणसें, त्यांचे वकील, विमा कंपन्या, तसेंच वृत्तपत्रें व नभोवाणी यांना मोकळीक ठेवली. मात्र धंद्याच्या याचनेसाठीं हा कागद वापरणार नाहीं, असें शपथेवर लिहून घेण्याची तजवीज केली. साठ दिवसांत शरीराची जखम पुष्कळ अंशीं भरते. साठ दिवसांनंतर पत्ता मात्र तोच असतो.

केंद्राचा कायदा वकिलांच्या वाटेस २०१३ सालीं खऱ्या अर्थानें आडवा आला. साउथ कॅरोलायनांतील कांहीं वकिलांनीं मोटारविक्रेत्यांविरुद्ध दावा लढवितांना अशील जमविण्यासाठीं मोटार खात्यांतून खरेदीदारांचीं नांवें मागविलीं आणि ३४,००० हून अधिक लोकांस पत्रें धाडलीं. दावा लढविणें हें त्या चौदा कारणांपैकीं एक असल्यानें आपण निर्दोष, असें त्यांचें म्हणणें. पांच विरुद्ध चार मतांनीं न्यायालयानें तें नाकारलें: अशील गोळा करणें म्हणजे दावा लढविणें नव्हे. आणि हा निकाल लिहिला तो न्यायमूर्ति केनेडी यांनीं! अठरा वर्षांपूर्वी पत्र पाठविण्याचा हक्क सांगणारी लेखणी आतां तें पत्र कोणत्या दप्तरांतून निघालें हें विचारीत होती. यांत विसंगति शोधणारे शोधोत. प्रश्नच मुळीं बदलला होता.

मग नॉर्थ कॅरोलायनांत अपघातांत सांपडलेल्या चालकांनीं याच कायद्याचा आधार घेतला. तेथें पोलीस अंमलदार अपघाताच्या जागीं चालकाचा परवाना पाहून त्याचें नांव व पत्ता छापील अहवालांत भरी. तो अहवाल सार्वजनिक. वकिलांच्या कचेऱ्या असे अहवाल मिळवून जाहिरातीचीं पत्रें पाठवीत. चालकांनीं दावा लावला कीं हा पत्ता मूळचा मोटार खात्याचाच. चौथ्या विभागाच्या केंद्रीय अपील न्यायालयानें २०२२ सालीं त्यांना दावा लावण्याचा अधिकार आहे हें मान्य केलें, पण निकाल त्यांच्या विरुद्ध दिला. मोटार खात्याच्या नोंदींतून माहिती घेतली तर कायदा धरतो. त्या नोंदींपर्यंत माग लागतो एवढ्यावरून धरीत नाहीं. खात्याच्या दप्तरांत जो पत्ता कुलुपांत होता, तोच रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पोलिसानें परवान्यावरून उतरवून घेतला, आणि कायद्याच्या हातांतून निसटला. पत्र त्याच घरीं येत राहिलें.