थंडीतलं डिझेल आणि ग्लो प्लग

गेल्या रविवारी पहाटे बाहेर उणे १२. आई-बाबांना आणायला एअरपोर्टवर जायचं, आणि माझी जुनी डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह नुसतीच खोकत होती. शेवटी टॅक्सी केली.

पेट्रोलला ठिणगी लागते; डिझेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच पेटतं. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये आउग्सबुर्गला ते चालवून दाखवलं. १९०९ मध्ये प्रॉस्पर लोरांजने सिलिंडरच्या डोक्यावर छोट्या कप्प्याचं पेटंट घेतलं. त्याने पुढे डिझेल गाडीत बसवणं सोपं झालं, पण थंडीत कप्प्याच्या गार भिंती उष्णता खातात. म्हणून ग्लो प्लग. १९५७ मध्ये डिझेल लँड रोव्हर आली, तीही प्लगवालीच. अशा जुन्या गाड्यांत चारही प्लग सिरीजमध्ये असत, जुन्या दिवाळीच्या माळेसारखे: एक गेला की सगळे गार!

माझ्याही गाडीत तेच झालं होतं. प्रवासाचा शीण विसरून बाबा मल्टिमीटर घेऊन वाकले, मेलेला प्लग शोधला. म्हणाले, "आमच्या विहिरीवरच्या इंजिनाला प्लगबिग नव्हते रे. लिव्हर उचलायची, हँडल मारायचं."

नवा प्लग बसला. आता अर्धा मिनिट थांबून चावी फिरवतो. शेजारच्या सीटवर बाबा सेकंद मोजतात.

चूभूद्याघ्या.