दर्शनाची भाकर

कॅथलिक उपासनेच्या केंद्रस्थानी एक भोजन आहे. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने भाकर मोडून शिष्यांना दिली, द्राक्षारसाचा प्याला पुढे केला आणि हे आपले शरीर, हे आपले रक्त, असे सांगितले. मिस्सेमध्ये होतो तो याच भोजनाचा विधी. त्याच्या ‘युखारिस्त’ या मूळ ग्रीक नावाचा अर्थ कृतज्ञता. परंतु जे खाण्यासाठी दिले होते, ते सामान्य भाविकाने कित्येक शतके मुख्यतः डोळ्यांनी पाहिले. ही विसंगती अश्रद्धेतून आली नाही. ती श्रद्धेच्या उत्कटतेतूनच आली.

१२१५ साली रोम येथे भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने सांगितले, की ईश्वरी सामर्थ्याने भाकरीचे व द्राक्षारसाचे मूळ सत्त्वच पालटते आणि ते ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते. रूप, रंग, चव मात्र कायम राहते. थॉमस अक्वायनसने पुढे या सिद्धांताची तर्कशुद्ध मांडणी केली. पण साक्षात देव हाती येणार म्हटल्यावर माणूस हात पुढे करण्यास कचरतो. प्रत्येकाने निदान वर्षातून एकदा, ईस्टरच्या सुमारास, हा संस्कार घ्यावा, असा दंडक त्याच परिषदेला घालावा लागला! त्याच काळात धर्मगुरूने अभिमंत्रित भाकर उंच धरून लोकांना दाखविण्याची प्रथा रूढ झाली. १२६४ साली पोप चौथा अर्बन याने ख्रिस्तशरीराचा सण सर्व चर्चला लावून दिला. पुढे मिरवणुकाही निघू लागल्या. नैवेद्य दाखवावा आणि प्रसाद मात्र क्वचितच वाटावा, तसे हे झाले.

प्रॉटेस्टंटांनी या सिद्धांतावरच घाव घातला, तेव्हा ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये तो पुन्हा ठामपणे मांडला. त्याच वेळी या अन्नाला तिने रोजच्या अपराधांवरील उताराही म्हटले. मात्र त्या शब्दाचे मोल पटण्यास साडेतीनशे वर्षे जावी लागली. १९०५ साली पोप दहावा पायस याच्या आदेशाने वारंवार, किंबहुना रोजच्या सेवनाला उत्तेजन दिले. गंभीर पाप नसावे व हेतू शुद्ध असावा, एवढेच पुरे ठरले. १९१० मध्ये सुमारे सात वर्षांच्या मुलांसाठीही पंगत खुली झाली.

सिद्धांत १२१५ चाच राहिला. हे अन्न पुण्यवंताचे बक्षीस की दुर्बळाचे औषध, या प्रश्नाचे उत्तर तेवढे पालटले. आणि पाहणारा पुन्हा जेवणारा झाला.