प्राध्यापकांचे दप्तर

सरकारी कचेरीत कोणता कागद किती वर्षे जपावयाचा आणि कोणता केव्हा नष्ट करावयाचा, याचे नियम ठरलेले असतात. त्या नियमांच्या छायेतच माझे अर्धे आयुष्य गेले. प्राध्यापकाच्या टेबलावरील कागदांना मात्र असा कोणताच नियम नाही. तो निवृत्त होतो, पुढे कधीतरी काळाच्या पडद्याआड जातो. त्याचे ग्रंथ ग्रंथालयाकडे जातात आणि टिपणे, पत्रे, व्याख्यानांच्या वह्या रद्दीवाल्याकडे. ग्रंथात विद्वानाचा निर्णय तेवढा दिसतो. त्या निर्णयापर्यंत येताना तो किती वेळा अडखळला, कोणापाशी त्याने शंका काढली, हे त्या वह्यांना आणि पत्रांनाच ठाऊक असते.

सर यदुनाथ सरकार यांचेच पाहा. १८७० साली राजशाही जिल्ह्यात जन्मलेला हा इंग्रजीचा पदवीधर पाटणा, काशी, कटक येथे शिकवीत राहिला आणि फारसी साधनांच्या बळावर मोगल इतिहासाचा अधिकारी ठरला. शिवकालाकडे वळल्यावर मराठी साधनांसाठी त्यांना जाणकार मित्र हवा होता. तो त्यांना बडोद्यास लाभला. सयाजीराव महाराजांच्या राजपुत्रांचे शिक्षक गोविंद सखाराम सरदेसाई हे ते मित्र. पुढे सरदेसाई कामशेतला येऊन राहिले, यदुनाथ कलकत्त्यास स्थिरावले. पण टपाल थांबले नाही. १९५८ साली यदुनाथ निवर्तले, तोवर जवळजवळ अर्धशतक हा व्यवहार चालला होता.

पत्राची एक गंमत आहे. ते लिहिणाऱ्याच्या घरी राहत नाही. यदुनाथांच्या मनाचा ठाव घ्यावयाचा, तर कामशेतचे कपाट उघडावे लागते. सरदेसायांचा घ्यावयाचा, तर कलकत्त्याचे. एका टोकाला जरी निष्काळजीपणा झाला असता, तरी संवादाचे स्वगत झाले असते. सुदैवाने दोघेही कागदाची किंमत जाणणारे होते. तरुणपणीच गेलेल्या श्यामकांत या आपल्या मुलाची पत्रे पुस्तकरूपाने छापणारे सरदेसाई मित्राची पत्रे कशी टाकणार?

या पत्रव्यवहाराचे मोल केवळ स्नेहाचे नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी रुमाल पूर्वी अभ्यासकांना सहजी पाहावयास मिळत नसत. मुंबई सरकारने ते काम सरदेसायांकडे सोपविले आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. या नेमणुकीमागे यदुनाथांचे वजन होते. पुण्याच्या संशोधकांना ती व्यवस्था रुचली नाही, आणि वाद बराच पेटला. छापील खंडांत या वादाचा मागमूसही नाही. तो पत्रांत आहे, आणि चांगला गरम आहे. मात्र एक सावधगिरी हवी : मित्राने मित्राला लिहिलेल्या पत्रात प्रतिपक्षाला न्याय मिळेलच असे नाही. म्हणूनच पुण्याकडील मंडळींची टिपणे व पत्रेही तितक्याच काळजीने राखली गेली पाहिजेत. नाही तर ज्याचे कागद टिकले, त्याचेच म्हणणे इतिहास होऊन बसते.

पंजाब विद्यापीठाने १९५७ साली हरिराम गुप्त यांच्या संपादनाखाली यदुनाथांचे चरित्र व पत्रे प्रसिद्ध केली. मूळ पत्रव्यवहार कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन पोहोचला. तेथेच दीपेश चक्रवर्ती यांनी तो वाचला आणि त्यावर २०१५ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. विषय मोगल नव्हता, मराठाही नव्हता : हिंदुस्थानात इतिहास हे शास्त्र म्हणून कसे उभे राहिले, आणि त्यासाठी दोन शिक्षकांनी किती भांडणे पत्करली, हा होता. मोगलांचे आणि पेशव्यांचे कागद शोधण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्याच कागदांवर आता संशोधक टिपणे काढीत बसले आहेत.