भ्यालेल्या कुत्र्याचं औषध

दिवाळीत फटाके वाजले की आमचा मोत्या कणगीमागे दडून थरथरतो. घरचे म्हणतात, नाटकं करतो.

१९२४ साली रशियात लेनिनग्राडला पूर आला. शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं. कुत्री वाचली, पण पुढे दाराखालून थोडं पाणी आत आलं तरी एक कुत्रा बिथरायचा. नाटक कसलं हे! अशा बिघडलेल्या कुत्र्यांना पावलोव्ह ब्रोमाइड देत.

नंतर अॅसेप्रोमाझिन आलं. जनावर गुंगून गप्प पडे, आतली भीती मात्र तशीच. घरच्यांना वाटे, बरं झालं. १९९८ साली अमेरिकेत एकटं राहायला घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी क्लोमिप्रामीन मंजूर झालं. २०१५ साली आवाजाच्या भीतीवर, हिरडीशी लावायचं औषध.

मोत्याला आपलीच झोपेची गोळी द्यावी का, असं मी पशुवैद्यांना विचारलं. ते म्हणाले, “अजिबात नको. आधी वजन करून आणा त्याचं.”