काचेवर काच

कोटाची बटणं लावून घ्या, बाहेर मिशिगनचा हिवाळा आहे. तारीख ८ डिसेंबर १९५६, वार शनिवार. तुम्ही अ‍ॅन आर्बरच्या विद्यापीठात, भौतिकशास्त्र विभागाच्या एका लांब बोळात उभे आहात. उजेड येतोय त्या दाराकडे चला. आत भट्टी पेटलीय आणि तिच्याशी झटतोय लॅरी कर्टिस. पदवीसुद्धा पदरात न पडलेला पोरगा. तुम्ही त्याला दिसत नाही, हे बरंच. त्याला आज कोणाशी बोलायला सवड नाही.

टेबलावर ओट्सचा एक रिकामा, गोल पुठ्ठ्याचा डबा आहे. हसू नका. भट्टीतून ओढलेली काचेची तार आजवर याच डब्यावर गुंडाळली गेलीय. वैद्यकीय उपकरणांच्या इतिहासात चकचकीत स्टीलला जेवढा मान मिळतो, त्यातला थोडा या डब्याला मिळायला हरकत नव्हती.

गुंडाळी एके जागी कापली की सारख्या लांबीच्या हजारो तंतूंची जुडी हाती येते. तिच्या एका टोकाला जो तंतू डावीकडे, तो दुसऱ्या टोकालाही डावीकडेच हवा; तरच पलीकडचं चित्र अलीकडे ठिपक्याठिपक्यानं जुळतं. लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातून तिथे गेलेले नरिंदर सिंग कपानी यांनी १९५४ च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये हे मांडलं. ते वाचून इथले पोटविकारतज्ज्ञ बॅझिल हिर्शोविट्झ थेट लंडनला जाऊन त्यांना भेटून आले. हिर्शोविट्झ मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, आणि त्यांची तक्रार साधी होती: जठरात घालायची जी दुर्बीण उपलब्ध होती, ती पुरेशी वाकत नव्हती.

ती पाहायची असेल तर क्षणभर १९३२ च्या म्युनिकला डोकावून या. रुडॉल्फ शिंडलर यांची भिंगांनी भरलेली नळी, खालचं टोक जेमतेम लवणारं. रोगी डाव्या कुशीवर, मान मागे ताणलेली, आणि डोकं धरून बसलेल्या शिंडलरबाई, गाब्रिएले. डोकं हललं तर अन्ननलिका फाटायची. एवढं करूनही जठराचे काही कोपरे दिसतच नाहीत, आणि पुढच्या लहान आतड्यातला अल्सर तर नाहीच नाही. चला परत.

इथली अडचण वेगळी आहे. काचेचा तंतू उघडा असेल तोवर त्यात शिरलेला प्रकाश कडेकडेनं परावर्तित होत पुढे जातो. पण तंतूला तंतू टेकला, की चाळीत पार्टिशनपलीकडचं भांडण ऐकू यावं तसा एकातला उजेड दुसऱ्यात जातो. बोटाचा तेलकटपणा लागला तरी गळती. त्यावर लाखेसारखे लेप देऊन झालेत, आणि चित्र धूसर ते धूसरच. कर्टिसचं म्हणणं असं, की काचेला काचेचंच आवरण द्यावं: आत जास्त अपवर्तनांकाची कांडी, बाहेर कमी अपवर्तनांकाची नळी, दोन्ही एकत्र वितळवून एकच तार ओढायची. जाणत्यांना ते पटलं नव्हतं. दोन काचांच्या मधल्या सांध्यात कचरा आणि खोट राहील, असं त्यांना वाटत होतं. त्याचे मार्गदर्शक विल्बर पीटर्स आज बाहेरगावी आहेत. पोरानं कांडी नळीत सरकवलीय.

आता बघा. नळी मऊ पडली, तार सुटली. कर्टिस टोक धरून खोलीबाहेर निघालाय, तुम्ही त्याच्या मागे. दहा फूट, वीस फूट, बोळाच्या पार पलीकडे. भट्टी ४० फुटांवर राहिलीय आणि त्याच्या बोटांमधल्या केसाएवढ्या टोकात तिचा लाल उजेड दिसतोय. त्या तारेला आता खुशाल हात लावा, प्रकाश आतल्या काचेतच राहतो. सांध्याची जी भीती होती, तिचं उत्तर कागदावर मिळालं नसतं. ते तार ओढूनच मिळायचं होतं.

पुढचे दोन-अडीच महिने तंतू जुळवण्यात जातात, ते सोडून देऊ. फेब्रुवारी १९५७. हिर्शोविट्झ यांच्या हातात बोटाहून जाड, पण वळणारी नळी आहे. पहिला घसा कोणाचा? त्यांचाच. ते ती स्वतः गिळतात. तुम्ही कधी दुर्बिणीची तपासणी करून घेतली असेल, तर तुमचा घसा इथे आपसूक आवळेल. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका रुग्ण बाईंच्या, दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या पत्नीच्या, लहान आतड्यातला अल्सर या नळीतून प्रत्यक्ष दिसतो.

एवढ्यावर परतलात तर अर्धीच गोष्ट पाहिली असं होईल. बघायला गेलेला प्रकाश काम करू लागतो, तो सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, पुन्हा जर्मनीत. मधल्या काळात, १९६० साली, थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर पेटवलाय. एर्लांगनच्या खोलीत डॉक्टरच्या खांद्यावरून वाका: रक्त वाहणारा अल्सर, दुर्बिणीतल्या अवजारांच्या वाटेनं उतरलेला एक वेगळा तंतू, आणि त्यातून आर्गॉन लेसरचा निळा-हिरवा झोत. रक्तातलं हिमोग्लोबिन हा रंग चटकन शोषतं, म्हणून उष्णता वरवरच राहते आणि तिथेच रक्त साकळतं. पण धार मोठी असली तर वाहतं रक्तच झोत गिळून टाकतं. म्युनिकला पीटर कीफहाबर यांनी निओडिमियम-याग लेसर निवडलाय. त्याचा अवरक्त झोत डोळ्यांना दिसत नाही, तो ऊतीत खोल जातो आणि मोठी धारही थांबवतो. जठराची भिंत मात्र काही मिलिमीटरचीच. म्हणून तिथला डॉक्टर पायाखालचं पेडल क्षणभर दाबतो, सोडतो, पुन्हा बघतो. जास्त वेळ दाबलं तर रक्त थांबेलही, पण जठराला भोक पडेल, आणि मग शल्यचिकित्सकाला बोलवावं लागेल.